वर्षभराच्या चिठ्ठ्या एकदा समोर मांडा

वऱ्हाडात बहुतेक घरांत औषधांची एक पिशवी असतेच. अर्धवट संपलेल्या स्ट्रिपा, तळाशी साका धरलेलं सिरप, मेडिकलची बिलं आणि चुरगळलेल्या चिठ्ठ्या. नवं दुखणं आलं की नवी चिठ्ठी येते आणि जुनी पिशवीत जाते. ती पुन्हा कोणी वाचत नाही. ती वाचायची कशी, आणि एकाच दवाखान्याच्या वर्षभराच्या चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर काय दिसतं, ते इथे सांगायचं आहे. एका चिठ्ठीवरून डॉक्टरांबद्दल मत बनवणं अन्यायाचं आहे. दहा-बारा चिठ्ठ्या पाहिल्या तर मात्र औषध लिहिण्याची सवय ध्यानात येते, आणि ध्यानात आली की तिच्याबद्दल नीट बोलता येतं.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. हे वाचून चालू असलेलं कोणतंही औषध परस्पर बंद करायचं नाही. बीपी, शुगर, फिट, थायरॉइड, टीबी यांच्या गोळ्या तर नाहीच. बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड अचानक सोडलं तर जिवावर बेतू शकतं. चिठ्ठ्या वाचायच्या त्या प्रश्न विचारण्यासाठी. औषध बदलायचं की बंद करायचं, हे डॉक्टरच ठरवतील.

पिशवी रिकामी करा

एखाद्या रविवारी दुपारी सगळ्या चिठ्ठ्या सतरंजीवर मांडा. माणसागणिक वेगळ्या करा आणि तारखेने लावा. मग एका वहीत पाच रकाने आखा: तारीख, काय होत होतं, किती औषधं लिहिली, त्यात प्रतिजैविक म्हणजे अँटिबायोटिक होतं का, आणि सुई किंवा सलाईन झाली का. चिठ्ठीवर सुईची नोंद बहुधा नसते, ती आठवून लिहा.

ही पद्धत घरगुती वाटेल, पण तिचं मूळ जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली काढलेल्या पुस्तिकेत आहे. दवाखान्यात औषधं कशी लिहिली जातात हे तपासायला त्यात पाच मापं दिली आहेत: दर भेटीला सरासरी किती औषधं, त्यातली किती मूळ नावाने म्हणजे जेनेरिक नावाने, किती भेटींत प्रतिजैविक, किती भेटींत इंजेक्शन, आणि किती औषधं अत्यावश्यक यादीतली. अभ्यासक नेहमी वापरतात ती पट्टी अशी आहे: दर भेटीला औषधं दोनाच्या आत, शंभरातल्या २० ते २७ भेटींत प्रतिजैविक आणि १३ ते २४ भेटींत इंजेक्शन. एका घराच्या बारा चिठ्ठ्यांना ही पट्टी काटेकोर लावता येत नाही. पण बारापैकी दहा चिठ्ठ्यांवर प्रतिजैविक असेल आणि दर वेळी पाच-सहा औषधं असतील, तर विचारायला जागा आहे.

बऱ्याच खेड्यांत चिठ्ठीच मिळत नाही. फी भरली की त्यातच सुई, आणि कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या: पांढरी सकाळी, पिवळी रात्री. अशा वेळी वही सोबत न्या आणि म्हणा, “डॉक्टर साहेब, गोळ्यांची नावं याच्यात लिहून द्या ना जी.” यात डॉक्टरांचा अपमान नाही. रात्री अंगावर पित्त उठलं किंवा घसा सुजला आणि तुम्ही अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचारला धावलात, तर तिथला डॉक्टर पहिला प्रश्न विचारेल तो “काय घेतलं होतं?” हाच. पुडीकडे पाहून त्याला काही कळत नाही. गुडघेदुखीवर दोन दिवसांत जादूसारखा आराम देणाऱ्या बेनाव पुड्यांबद्दल तर विशेष सावध राहा. त्यांत स्टेरॉइड निघण्याची शक्यता असते. महिने न् महिने ते पोटात गेलं की चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक असावाच लागतो. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस यांपैकी काय आहे ते वाचा. क्रमांक नसेल तर तो मागायला संकोच करू नका.

एक चिठ्ठी, ओळीओळीने

समजा सप्टेंबरचा महिना आहे, पावसाने उघडीप दिली आहे आणि घरातल्या चाळिशीच्या माणसाला दोन दिवस ताप, अंगदुखी, थोडी सर्दी आहे. चिठ्ठीवर आलं: सेफिक्झिम २०० सकाळ-संध्याकाळ तीन दिवस, असेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल सकाळ-संध्याकाळ, लेव्होसेट्रिझिन रात्री, रॅबेप्रॅझोल-डॉम्पेरिडोन सकाळी उपाशीपोटी, बी कॉम्प्लेक्सचं सिरप. शिवाय दवाखान्यात एक सुई टोचली. अशी चिठ्ठी वऱ्हाडात कोणालाही ओळखीची वाटेल.

आता ओळीने बघू. सेफिक्झिम हे प्रतिजैविक. सर्दी-ताप बहुतेक वेळा विषाणूंचा असतो, आणि विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांची तीन गटांत विभागणी केली आहे. नेहमीच्या संसर्गात आधी वापरायची ती पहिल्या गटात, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन. जपून वापरायची ती दुसऱ्यात: सेफिक्झिम, अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन. लिनेझोलिडसारखी अखेरच्या उपायाची तिसऱ्यात. तुमच्या वहीत प्रत्येक सर्दीला दुसऱ्या गटातलंच औषध दिसत असेल तर ती सवय झाली आहे. २०२१च्या फेब्रुवारीत करोनाची दुसरी लाट अमरावती भागात सगळ्यांच्या आधी उसळली, अमरावती-अचलपुरात पुन्हा टाळेबंदी लागली, आणि अझिथ्रोमायसिन घरोघरी पोचलं. तेव्हापासून माणसं ते मेडिकलवर नाव घेऊन मागतात.

असेक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी. सप्टेंबरात, डेंग्यूच्या दिवसांत, कारण न समजलेल्या तापाला तीच सगळ्यांत खटकणारी ओळ आहे. डेंग्यूत प्लेटलेट घटतात आणि असेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला नुसतं पॅरासिटामॉल पुरतं, आणि तेही मोठ्या माणसाला दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ६५०च्या सहा गोळ्यांच्या आत. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या जोडगोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते धरून मोजा. जेवण नीट नसेल, दारूची सवय असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मर्यादा याहून बरीच खाली येते.

ॲसिडिटीची कॅप्सूल आली ती बहुधा दुखण्याच्या गोळीमुळे. ती गोळी काढली की कॅप्सूलची गरजही बरेचदा उरत नाही. बी कॉम्प्लेक्सने ताप लवकर उतरत नाही. लेव्होसेट्रिझिनने नाक थोडं थांबेल, झोप येईल. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल चालवणाऱ्याला हे सांगायला हवं. म्हणजे सहा गोष्टींपैकी नक्की कामाची एक, फार तर दोन.

पण दुसरी बाजूही लक्षात ठेवा. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसने माणसं दगावली. त्या तापाला डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळालं तर माणूस वाचतो. शेतात, गवतात काम करणाऱ्याला ताप आहे, अंगावर काळ्या खपलीची जखम आहे आणि डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन लिहिलं, तर तो चांगला डॉक्टर. म्हणून चिठ्ठीवर औषधाच्या शेजारी कारण लिहिलेलं असणं महत्त्वाचं. “व्हायरल”, “टॉन्सिल”, “लघवीचा संसर्ग” असा एक शब्द लिहून मागा.

हगवणीच्या चिठ्ठीवर ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोल ही जोडी हमखास दिसते. अशी जोडी वापरू नये असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. पाण्यासारखे जुलाब असतील तर ओआरएस, आणि मुलांना सोबत १४ दिवस झिंक: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १० मिलिग्रॅम. ओआरएसची पुडी घेताना तिच्यावरचे घटक वाचा. एक लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असायला हवं. गोड पेयांच्या डब्यांवर ओआरएस हे नाव छापायला २०२५च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली, तरी जुना माल दुकानात असू शकतो.

सुई आणि सलाईन

“गोळ्या नोका देऊ जी, एक सुई टोचून द्या, उद्या सोंगणीले जानं हाये.” सोयाबीनच्या दिवसांत हे वाक्य वऱ्हाडातल्या कोणत्याही दवाखान्यात ऐकायला मिळतं. यात डॉक्टरांचा जेवढा वाटा, तेवढाच आपला. मजुरी बुडाली तर घर अडतं, आणि सुई म्हणजे लवकर बरं होणं अशी समजूत आहे. समोरच्या डॉक्टरला ठाऊक असतं की आपण नाही टोचली तर रोगी चौकातल्या दुसऱ्या दवाखान्यात जाईल. अशीच सवय तयार होते, आणि मोडायची तर ती दोन्हीकडून मोडावी लागते.

सलाईनच्या बाटलीत काय असतं ते एकदा मोजून बघा. ५०० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. पाच टक्के ग्लुकोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साखरेचे चहाचे पाच-सहा चमचे. अशक्तपणा जाण्यासारखं त्यात काही नाही. तोंडाने पिता येत असेल तर लिंबू-साखर-मिठाचं सरबत आणि वरणभात जास्त देऊन जातात. उलट्या थांबत नसतील, शुद्ध हरपत असेल, लघवी बंद झाली असेल, रक्तदाब घसरला असेल, तर सलाईन जीव वाचवते. तेव्हा मात्र ती लावणारा दवाखाना नीट हवा. अशक्तपणा वर्षभर जात नसेल तर बाटल्या मोजण्याऐवजी हिमोग्लोबिन, शुगर आणि थायरॉइड तपासा.

सुई घ्यावीच लागली तर तीन गोष्टी बघा. सिरिंज तुमच्या समोर पाकिटातून काढली का, औषधाचं नाव काय, आणि ती गोळीने भागली नसती का.

दुखण्याची गोळी, उन्हाळा आणि खारपाणपट्टा

या भागासाठी सगळ्यांत महत्त्वाचं जे सांगायचं, ते इथे आहे. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा, बाळापूर या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं. मूत्रपिंडाच्या तक्रारी तिथल्या गावांतून वर्षानुवर्षं ऐकू येतात. त्यात अकोल्याचा उन्हाळा. पारा ४५च्या पुढे गेला म्हणून २०२४च्या मे अखेरीस अकोल्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. अशा उन्हात शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्याच्या अंगातलं पाणी आटतं.

शरीरात पाणी कमी असलं की मूत्रपिंड आपल्याकडे येणारी रक्तवाहिनी मोकळी ठेवून काम रेटत असतं. डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या नेमकी तीच सोय काढून घेतात. त्याच माणसाला बीपीसाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल आणि सोबत लघवी वाढवणारी गोळीही असेल, उदाहरणार्थ हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथालिडोन, तर तिन्ही मिळून मूत्रपिंड अचानक बंद पडू शकतं. बीपीची गोळी एका डॉक्टरची, कंबरेची सुई दुसऱ्याची, आणि वरून मेडिकलमधून हातात घेतलेली दुखण्याची गोळी. तिघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो, पण ही तिन्ही औषधं एकत्र कोणी पाहिलेली नसतात. ती एकत्र मांडायचं काम घरालाच करावं लागतं.

म्हणून साठीच्या वरच्या, बीपी-शुगरच्या आणि खारपाणपट्ट्यातल्या माणसाच्या वहीत एक रकाना वाढवा: दुखण्याच्या गोळ्या महिन्यात किती. रोज घेतली जात असेल तर रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करून घ्या. गुडघ्याला आधी पॅरासिटामॉल, शेक, मलम, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्या किंवा ऊन लागलं, तर दुखण्याची गोळी घेऊ नका. बीपीच्या गोळ्यांचं काय करायचं, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा.

मेळघाटात, आणि इतरही अनेक घरांत, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं कार्ड असतं. औषध लिहिण्याआधी डॉक्टरांना ते कळायला हवं. ते प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक वेळी आधी दाखवा.

लेकरांची चिठ्ठी

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात वरुडच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात परासिया भागातली वीसहून अधिक लेकरं खोकल्याच्या सिरपने गेली. त्यांतली बरीच उपचारांसाठी नागपूरला आणली होती. कोल्ड्रिफ नावाच्या त्या सिरपच्या एका बॅचमध्ये तामिळनाडूच्या प्रयोगशाळेला डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के सापडलं. मूत्रपिंडं निकामी झाली. विष कारखान्यात मिसळलं गेलं, ते आईबापांना ओळखता येणं शक्य नव्हतं. पण साध्या सर्दी-खोकल्याला असं सिरप लागतच नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. त्या सिरपमधली क्लोरफेनिरामिन आणि फिनायलेफ्रिनची जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं औषध महानियंत्रकांनी २०२३च्या डिसेंबरातच बजावलं होतं. केंद्राचा २०२५चा सल्ला असा: दोन वर्षांखाली खोकला-सर्दीचं औषध नाही, आणि पाच वर्षांखाली सहसा नाही. वर्ष ओलांडलेल्या बाळाला मध द्या, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाका, अंगावर पाजत राहा. श्वास भरभर चालत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल तर मात्र घरी थांबू नका.

मुलाच्या चिठ्ठीवर वजन लिहिलेलं हवं. पॅरासिटामॉल दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. गोंधळ होतो तो बाटलीत. दहा किलोच्या मुलाला १५०चा डोस द्यायचा तर १२५ ताकदीच्या सिरपचे ६ मिलिलिटर, २५० ताकदीचे ३, आणि १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या थेंबांचे फक्त दीड. तीन बाटल्या, तीन मापं. चमचा घरातला नको, बाटलीसोबतचं माप वापरा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर स्वतः काहीच देऊ नका, दवाखाना गाठा. निमेसुलाइड बारा वर्षांखाली २०११ पासून बंद आहे. जुन्या पिशवीत असेल तर फेकून द्या.

बोलायचं कसं

भांडण काढून काही निघत नाही. वऱ्हाडातले बरेचसे डॉक्टर दिवसभर रोग्यांच्या गर्दीत असतात, आणि रोगीच औषध मागतो असं त्यांना वाटत असतं. म्हणून आपली मागणी आधी बदला. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणा, “सुईची गरज नसंल तर नोका टोचू जी, दोन दिवस वाट पाहाले चालते मले.” अनेक डॉक्टरांना हे ऐकून हायसं वाटतं. मग चार प्रश्न: काय झालं असावं, यातली कोणती गोळी अगदी आवश्यक, किती दिवस घ्यायची, आणि काय झालं तर लगेच परत यायचं. उत्तर देणारा डॉक्टर सोडू नका. वारंवार विचारूनही उत्तर न देणारा, चिठ्ठी न देणारा किंवा नाव नसलेल्या पुड्याच देणारा असेल, तर बदला.

डॉक्टर वाचत असतील तर त्यांनाही विनंती आहे. अशा तपासणीला एकाच दवाखान्यासाठी १०० भेटी पुरतात. एका आठवड्याच्या नोंदी काढा आणि सुरुवातीला सांगितलेली ती पाच मापं स्वतःच लावून बघा.

मूळ नाव कळलं की पैसाही वाचतो. जनऔषधी केंद्रात किंवा साध्या मेडिकलवर तेच औषध, तीच ताकद, तोच प्रकार मागा. ब्रँडचं नाव वेगळं असलं तरी चालतं. फिट, थायरॉइड आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची कंपनी मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मूळ नावाची स्वस्त औषधं देण्याची रीत कधीची रुळली आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या आधी तिथे विचारा.

मेडिकलवर स्ट्रिपेवर लाल उभी रेघ दिसली तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. सेफिक्झिमसारखी काही प्रतिजैविकं, अल्प्राझोलाम आणि ट्रामाडोल औषधविक्रीच्या नियमांतल्या एच-वन यादीत आहेत. त्यांची विक्री दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांच्या आणि रोग्याच्या नावासकट लिहायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं, असा नियम २०१४च्या मार्चपासून आहे. बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतो. परासियासारखं काही घडलं तर तोच उपयोगी पडतो.

दवाखान्यात भरती होता तेव्हाची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. औषधाने अंगावर काही उठलं, चक्कर आली, लघवी कमी झाली, तर आधी दवाखाना गाठा आणि नंतर औषध-दुष्परिणामांच्या १८००१८०३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. औषधच संशयास्पद वाटलं किंवा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकं विकत असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा क्रमांक १८००२२२३६५. दोन्ही क्रमांक त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना वही सोबत न्या.